मोदिकाच्या पायऱ्यांवर

सिसिलीहून आल्यापासून शाळेत, विहारात, स्टँडवर जो भेटतो तो विचारतो, "सर, काय काय बघितलं मग?" मी फोन काढून चार फोटो दाखवतो. चर्चचे, बाल्कन्यांचे, डोंगराला चिकटलेल्या गावाचे. लोक "लई भारी" म्हणतात आणि फोन परत देतात. एवढ्या लांब नवरा-बायको दोघं गेले आणि बायको एकाही फोटोत नाही, हे अजून कुणी विचारलेलं नाही. म्हणून लिहायला बसलोय. जो तिकडं गेला नाही त्याला ती गावं दिसावीत, आणि बाकीचंही एकदा सरळ सांगून टाकावं.

मी चकलांब्याच्या शाळेत चित्रकला शिकवतो. तरुणपणी परीक्षेसाठी बरोक शैली पाठ केली होती: भव्यता, नाट्यमयता, छायाप्रकाश. पुस्तकातला फोटो काडेपेटीएवढा आणि इतका काळा, की चर्च कुठलं आणि आभाळ कुठलं ते कळत नव्हतं. तरी घरात मी कैकदा बढाई मारली होती की एक दिवस ही गावं बघणार. मुलगी प्रज्ञा जर्मनीत नर्स आहे, तिनं ते लक्षात ठेवलं. तिकिटं, राहायच्या जागा, सगळं तिनंच ठरवलं आणि फोनवर मला म्हणाली, "पप्पा, आई हो म्हणाली ती माझ्यासाठी. परत आल्यावर ती तेलगावला मामाकडं राहायला जाणार आहे, कायमची. तिला जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात. तुम्हाला दिसत नाही का? तिला एकदा डॉक्टरकडं न्या."

दिसत होतं. आणि विमल डॉक्टरकडं का जात नाही, हे तर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

आमचा संघर्ष सहा वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेला. तेवीस वर्षांचा होता. बीडला एका दवाखान्यात ठेवला होता. दुपारी डॉक्टरांनी मला आत बोलवून सांगितलं, पेशी फार वेगानं कमी होतायत, आजच संभाजीनगरला हलवा. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शाळेत चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन होतं, मंत्री येणार होते, माझा सत्कार होता. मी हिशेब केला: सकाळी कार्यक्रम उरकून दुपारी पोराला नेऊ. बाहेर येऊन विमलला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, उद्या बघू." दुसऱ्या दिवशी मी स्टेजवर असताना तिच्या भावाचा फोन आला की आम्ही निघालोय. मी गेवराईला रस्त्यावर उभा राहिलो. गाडी थांबली, मी चढलो, तेव्हा संपलेलं होतं.

नंतर विमल त्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलली. सोबत आलेल्या गावातल्या पोरांनी काउंटरची काच फोडली. मी "थांबा रे, थांबा" म्हणालो. का थांबा, ते नाही बोललो. तेव्हापासून तिनं कुठल्याही दवाखान्याची पायरी चढली नाही, आणि मला हाक मारणंही सोडलं. नवऱ्याचं नाव ती कधी घेत नव्हती. "संघर्षचे पप्पा" म्हणायची. ते तोंडात येईना, दुसरं काही सुचेना. दर रविवारी विहारात ओळीत बसून मी पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. तेही म्हणतो.

नोतो

नोतोचा दगड गुळाच्या ढेपेच्या रंगाचा आहे. सकाळी फिका, दुपारी पिवळा, उन्हं उतरताना असा की आत दिवा लावलाय वाटावं. सतराव्या शतकाच्या शेवटी मोठा भूकंप होऊन जुनं नोतो जमीनदोस्त झालं. लोक जुनी जागा सोडायला तयार नव्हते, आमची माणसं इथं गाडली गेलीत म्हणत होते. वरच्यांनी ऐकलं नाही आणि काही मैलांवर नवं गाव आखलं. म्हणून रस्ते सरळ, आणि प्रत्येक रस्त्याच्या शेवटी काहीतरी डोळे दिपवणारं: घंटाघर, कमान, रुंद पायऱ्यांवर चढवून ठेवलेलं चर्च. एका वाड्याच्या बाल्कन्या तर सिंह, पंखवाले घोडे आणि दाढीवाले म्हातारे यांनी खांद्यावर तोलून धरल्यात. दगड इतका मऊ कोरलाय की म्हाताऱ्याच्या गालावरच्या सुरकुत्या मोजाव्यात. विमल खाली उभी राहून बराच वेळ एका चेहऱ्याकडं बघत होती.

"ह्यो आपल्या माजी सरपंचावानी दिसतोय," ती म्हणाली. "हात दुखत्यात पन बाल्कनी सोडत न्हाई."

मी हसलो. तीही थोडी हसली, आणि मग माझ्याबरोबर हसल्याचं लक्षात आल्यासारखी पुढं चालायला लागली.

नाष्ट्याला तिथं बर्फाचा गोळा खातात. बदामाचा किंवा लिंबाचा, काचेच्या पेल्यात, सोबत गोड पाव. पाव बर्फात बुडवायचा. आमच्याकडं यात्रेत पोरांनी हट्ट केल्यावर मिळणारी वस्तू तिथं कोटटाय घातलेली माणसं गंभीरपणे खात होती. विमलनं दोन घास खाल्ले आणि पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून पावाला लावली. दुकानदार बघत राहिला.

मुख्य चर्चमध्ये गेलो. आतून पांढरं, नवं. दारातल्या माणसानं इंग्रजीत सांगितलं की नव्वदच्या दशकात याचा घुमट एका दिवशी खाली आला. आत कुणी नव्हतं म्हणून बरं. नंतर तपासलं तर खांब बाहेरून घडीव दगडाचे, आणि आत नुसते गोटे आणि राडारोडा भरलेला. पिढ्यान् पिढ्या लोक त्या खांबांना टेकून प्रार्थना करत होते. विमलनं विचारलं, "काय म्हनतोय?" मी म्हणालो, "जुनं होतं, पडलं, परत बांधलं." एवढंच. साध्या गोष्टीतही मी निम्मं सांगतो. सवय लागलेली आहे.

दुसऱ्या एका चर्चमध्ये लाकडी कपाट होतं, मधे पडदा, बाजूला जाळी.

"ह्ये काय, फोनचं बूथ?"

"इथं बसून लोक पाप सांगतात. जाळीपलीकडं फादर असतो."

"मंग?"

"मग तो माफ करतो."

ती आत वाकून बघून आली. म्हणाली, "ज्याचं वाईट केलं त्याला सोडून ह्याला कावून सांगत्यात?"

मी छताच्या चित्राकडं मान वर केली. चित्रकला शिक्षकाला ही एक सोय असते.

शिक्ली

नोतोहून शिक्लीला जाताना बसच्या खिडकीतून उघडे माळ दिसतात आणि माळावर चुना-माती न लावता नुसते दगडावर दगड रचलेले बांध. मधे एखादं गर्द झाड. विमल म्हणाली, "ही तर आमची तेलगावची वरची बाजू." धारूरच्या डोंगराकडं असेच बांध आहेत. लहानपणी भावाबरोबर ती शेळ्या घेऊन जायची, बांधाच्या फटीत सरडे असायचे, ते सगळं तिनं मला खिडकीकडं तोंड करून सांगितलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. ती परत जायच्या घराबद्दल बोलत होती.

शिक्ली दरीत बसलेलं छोटं गाव. वर गुहा, ज्यात अगदी परवापरवापर्यंत गरीब लोक राहायचे. खाली चर्चं आणि वाडे. आमचं राहणं नुंत्सिया नावाच्या विधवा बाईकडं होतं. विमलच्याच वयाची असेल, काळे कपडे, हातात कायम फडकं. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती. प्रज्ञानं फोनमध्ये भाषांतराचं बसवून दिलं होतं. नुंत्सिया फोनला इटालियन सांगायची आणि फोन म्हणायचा, "आपले माझ्या निवासस्थानी हार्दिक स्वागत आहे. कृपया पादत्राणे काढण्याची आवश्यकता नाही."

विमल फोनकडं बघत म्हणाली, "ही आतली बाई पुन्याची हाय का?"

त्या घरात दोन दिवस विमल जरा उघडली. दोघी स्वयंपाकघरात फोन मधे ठेवून बसायच्या. नुंत्सियानं पातळ लाटलेल्या पोळीत टोमॅटो आणि चीज घालून घडीवर घडी घातली आणि भट्टीत भाजली. विमल म्हणाली, धपाट्याची घडी घातल्यासारखं आहे, तिखट मात्र विसरली. मग आपला काळा मसाला भुरभुरला. नुंत्सियाला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं दुसरा तुकडा मागितला.

त्या घराच्या दारावर एक कागदाची पट्टी चिकटवलेली होती. काळी चौकट, मधे छापील अक्षरं, उन्हानं उडालेली, एक कोपरा फाटलेला. गल्लीतल्या आणखी दोन-तीन दारांवर तशाच होत्या. विमलनं विचारलं, काय आहे हे. नुंत्सिया बोलली. फोन म्हणाला, "माझ्या मुलासाठी."

नाव नाही, फोटो नाही, तारीख नाही. आमच्याकडं माणूस गेला की चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर गेलेल्याचा फोटो आणि खाली शोकाकुल म्हणून अख्ख्या गावाची नावं, त्यातली निम्मी पुढाऱ्यांची. संघर्षच्या फ्लेक्सवर माझं नाव सगळ्यात वर होतं, "आदर्श शिक्षक" असं लावून. तेरा-चौदा दिवसांनी त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. नुंत्सियानं सांगितलं की ही पट्टी काढायची नसते. ऊन-पाऊस तिला हळूहळू नेतो. जेवढी राहील तेवढी राहू द्यायची.

विमलनं त्या पट्टीवर हात ठेवला. मग फोन तोंडाजवळ धरून सावकाश, एकेक शब्द मोकळा करत म्हणाली, "माझा बी मुलगा गेला. डॉक्टरनं उद्या बघू म्हनून थांबवून ठेवला. नायतर वाचला असता."

फोननं ते इटालियनमध्ये सांगितलं. मला त्या भाषेतला एक शब्दही कळत नव्हता, पण माझं खोटं मला ओळखू आलं. इतकी वर्षं ते बीड जिल्ह्यात होतं, आता समुद्रापलीकडं एका अनोळखी बाईच्या दारात उभं होतं. नुंत्सियाचा चेहरा लाल झाला. तिनं विमलचे दोन्ही हात धरले आणि त्या डॉक्टरला उद्देशून काहीतरी लांबलचक म्हणाली. फोननं त्यातलं फक्त एक वाक्य पकडलं: "त्याला कधीही शांती लाभू नये."

विमल रडली. दोघी रडल्या. मी "जरा फिरून येतो" म्हणून निघालो आणि एका वाड्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्याच्या कोपऱ्यावर जीभ बाहेर काढलेले, डोळे वटारलेले दगडी चेहरे आहेत. प्रवासवर्णनात त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिता येईल. मी तिथं किती वेळ होतो आणि काय बघितलं, मला आठवत नाही.

मोदिका

मोदिका हे दोन डोंगरांच्या मधे ओतल्यासारखं गाव आहे. घरं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. तिथलं चॉकलेट प्रसिद्ध आहे. आत साखर विरघळू देत नाहीत, दाताखाली करकरते. विमलनं एक तुकडा तोंडात टाकून सांगितलं, "कच्चा राहिलाय पाक."

तिथलं मोठं चर्च डोंगराच्या उतारावर आहे आणि त्याच्यासमोर खालपर्यंत जिनाच जिना, मधे लिंबाच्या बागा. खालून बघितलं की ते चर्च आभाळातून उतरत आल्यासारखं वाटतं. माझ्या पुस्तकातला काळा फोटो याच चर्चचा होता. मी विमलला म्हणालो, तू खाली बस, मी वर जाऊन येतो. ती म्हणाली, "एवढ्या लांबून आनलं ते खाली बसायला का?" आणि चढायला लागली.

तिला थांबवायला हवं होतं. पण मला वर जायचं होतं. हे असंच आहे माझं. मला काहीतरी बघायचं असतं, नाहीतर मला कुणीतरी बघायला हवं असतं.

निम्म्यावर ती थांबली. वळून बघितलं तर कठड्याला धरून खाली बसत होती, ओठ निळसर, कपाळावर घाम. श्वास वरच्या वर. मी धावत उतरलो. एका तरुण जोडप्यानं पाणी दिलं, त्यातल्या मुलीनं फोन काढून खुणेनं विचारलं, ॲम्ब्युलन्स? मी मान डोलावली. विमलला ते कळलं.

"न्हाई," ती म्हणाली. "दवाखान्यात न्हाई जायचं."

"विमल, तुझं अंग गार पडलंय."

"पडू द्या. एका डॉक्टरनं पोरगं खाल्लं. मला कुनाच्या हातात देऊ नका. हितंच बसते, व्हईल बरं."

तिचा हात माझ्या हातात होता आणि नाडी कुठं लागत होती, कुठं नव्हती. मला धीर आला म्हणून मी बोललो असं नाही. दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून बोललो.

"डॉक्टरनं थांबवलं नव्हतं," मी म्हणालो. "तो आजच न्या म्हणाला होता. उद्या बघू हे माझं होतं. मला दुसऱ्या दिवशी सत्काराला जायचं होतं."

ती मुलगी फोन हातात धरून आमच्याकडं बघत होती. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या.

"कवा म्हनला होता डॉक्टर?"

"दुपारी."

"दुपारी कवा? मी डबा आनला त्याच्या आदी का मागून?"

"आधी."

तिनं डोळे मिटले. "तवा त्यो बोलत होता," ती म्हणाली. "डब्यातलं वरन सांडलं म्हनून मला हसला होता."

मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा भाषण लिहीत होतो.

तिनं माझ्या हातातून हात काढून घेतला, ओढून नाही, आपली वस्तू उचलावी तसा. मग त्या मुलीकडं बघून खालच्या रस्त्याकडं बोट केलं आणि मान हलवली. दवाखान्यात चला, असं. मी उठवायला पुढं झालो तर ती म्हणाली, "तुमी नका." त्या दोघा पोरांच्या खांद्यावर हात टाकून ती उतरली. मी मागं पिशव्या घेऊन. पुस्तकातलं चर्च पाठीमागं होतं. मी शेवटपर्यंत वर गेलो नाही.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण बाई होती, इंग्रजी बोलायची. यंत्रावर हृदय बघून तिनं मला समजावून सांगायला सुरुवात केली: एक झडप आवळत आली आहे, बरीच वर्षं झाली असावीत, आधी आला असतात तर औषधांवर भागलं असतं, आता शस्त्रक्रिया लागेल, घरी जाऊन करा पण टाळू नका. मी विमलकडं वळून म्हणालो, "त्या म्हणतात की..."

"तुमी नका सांगू," विमल म्हणाली. "त्यांना फोनमंदी बोलायला लावा."

डॉक्टरबाईला खुणेनं फोन दिला. ती इटालियनमध्ये बोलली, आणि त्या कोरड्या पुणेरी आवाजानं विमलला सांगितलं की आपल्या हृदयाच्या झडपेचे कार्य समाधानकारक नाही. विमल एकेका वाक्याला मान हलवत ऐकत होती. विश्वासानं.

बाकीची गावं राहिली. पुढचं रागुसा अगदी जवळ होतं, बसनं जाऊन येता आलं असतं. आम्ही शिक्लीला नुंत्सियाच्या घरी परत आलो. विमलनं फोन मधे ठेवून तिला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, बाहेर पायरीवर बसलो होतो. थोड्या वेळानं नुंत्सिया बाहेर आली, माझ्याकडं बघितलं, माझ्यासमोर कॉफीचा कप ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

बीड

परत आल्यावर विमलचा भाऊ, तिचा दादा, तिला न्यायला आला. जायच्या आधी ती म्हणाली, "त्या डॉक्टरकडं जायचं हाय. तुमी बी चला."

दवाखाना तोच, काउंटरची काच नवी. नंबर लागेपर्यंत आम्ही तिघं बाकावर बसलो. आत गेल्यावर ती खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, "सांगा."

मी उभ्यानंच सांगितलं. मुलाचं नाव, डेंग्यू, ते काय म्हणाले होते, मी बाहेर जाऊन काय सांगितलं. कंपाउंडर दार उघडं ठेवून उभा होता, बाहेरची माणसं ऐकत होती. माझा आवाज वर्गात चढतो तसा चढलेला होता. डॉक्टरांचे केस आता पांढरे झालेत. त्यांनी चष्मा काढला, आठवायचा खरंच प्रयत्न केला.

"नाही हो आठवत," ते म्हणाले. "आज न्या म्हटलं की सकाळी नेतो म्हणणारे रोज असतात. काच फुटलेली आठवते. पण काचही दोन-तीनदा फुटली."

विमल म्हणाली, "मी लई वंगाळ बोलले होते तुमाला. सहा वर्सं रोज बोलत होते, घरात. ते सांगायला आले."

डॉक्टरांनी कागदांसाठी हात पुढं केला. तिकडचे कागद वाचले, तिची छाती तपासली, बराच वेळ ऐकत राहिले. मग संभाजीनगरच्या सर्जनसाठी चिठ्ठी दिली, आणि जाताना तिला म्हणाले, "बाई, मुलाचं नाव परत सांगा." तिनं सांगितलं.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. तिच्या भावानं गाडी वळवून आणली. तो माझ्याशी बोलत नाही, तिनं त्याला सगळं सांगितलेलं आहे. विमल दार उघडून बसली, पदर आत घेतला.

मी खिडकीशी वाकून विचारलं, "ऑपरेशनला येऊ का?"

ती समोर बघत होती. "या," ती म्हणाली. "भाईर बसा. पन डॉक्टर काय म्हनला त्ये मला दादा सांगंल."